टांगा कुणाचा?

माडीवरच्या दोन खोल्या दाखवून झाल्या आणि मावशींनी मला जिन्यातच उभं करून दोन गोष्टी बजावल्या. "पाणी सकाळचंच येतंय, भरून ठिवायचं. आन् मला कवा गाडीत बसा म्हणायचं न्हाई."

पहिली गोष्ट मला तिथल्या तिथं कळली. दुसरी कळायला वर्षं गेली, आणि खरं सांगायचं तर आजही ती पुरती कळली आहे असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही.

तेव्हा माझ्याकडे गाडी कुठली, साधी स्कूटीसुद्धा नव्हती. मी साताऱ्याची. लग्न झालं तेही साताऱ्यातच. नोकरी मात्र लागली सांगलीला, रक्त तपासायच्या लॅबमध्ये. नवरा तिकडे, मी इकडे, आणि शनिवार-रविवारचा संसार. माधवनगरात भाडं परवडेल अशी जागा हवी होती म्हणून मी मावशींच्या जिन्यात उभी होते. मी हसून म्हटलं, "मावशी, बसा म्हणायला गाडी तर पाहिजे!"

"आज न्हाई. उद्या येईल. मग तुझं मन म्हणंल, म्हातारीला बसवावं. तवा ध्यानात ठेव."

आता ह्यावर माणसाने काय बोलावं?

मावशी कोण, कुठल्या, ह्याचा मला काही केल्या अंदाज येईना. बोलणं सगळं आमच्या भागातलं, रांगडं. बोटांच्या पेरांवर बारीक बारीक चिरा होत्या, सुताच्या. माधवनगरात आल्या तेव्हा त्यांनी यंत्रमागावर कांड्या भरायचं काम केलं होतं, मग मागवाल्यांची खानावळ चालवली, आणि त्या खानावळीतून हे घर उभं केलं, इतकं सगळ्यांना ठाऊक होतं. पण बसायच्या कशा? खुर्चीला पाठ म्हणून टेकायची नाही. कपाची कड ओठांना लागते न लागते तोच कप खाली. कुणी दारात आलं की न बोलता नुसती मान एवढीशी हलवायच्या, आणि येणारा आपोआप चपला नीट लावायचा. मीसुद्धा लावायचे. मला त्याचा राग यायचा, तरी लावायचे.

आणि कुंकू. नवरा गेलेला होता हे मला शेजारच्या भाभींनी पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं होतं. तरी मावशींच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू. मला राहवलं नाही, एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "लावत व्हते तवा त्यो कुठं बघत व्हता? माझं मीच लावत व्हते. अजून लावती."

गाडीचं वेड मात्र निराळंच. वेड म्हणजे न बसण्याचं वेड. गावात जायचं तर यष्टी, मिरजेला जायचं तर यष्टी, आणि यष्टी नसेल तर पायी. शेजाऱ्यांची मोटार नको, पाहुण्यांची जीप नको, कुणाच्या स्कूटरवर मागे तर नकोच नको. तिकिटाचे सुटे पैसे पदराच्या गाठीत बांधलेले. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा सगळ्या माधवनगराला आनंद झाला, ह्या रुसल्या. "अर्ध्या तिकिटात अर्ध्या वाटंत उतरवलं म्हंजे?" उन्हाळ्यात थांब्यावर ताकाची कळशी घेऊन उभ्या राहायच्या आणि यष्टीच्या ड्रायव्हरला, कंडक्टरला खिडकीतून पेला द्यायच्या. मी म्हटलं, "मावशी, ह्यांच्यावर एवढी माया कशापायी?" तर म्हणाल्या, "जी गाडी आपल्यासाठी थांबत न्हाई ना, ती आपली."

"अहो उलटं आहे हे! जी थांबते ती आपली."

"तुला न्हाई कळायचं. ताक पी."

एकदा तापाने फणफणल्या. डोळे वर जायला लागले म्हणताना भाभींनी बोंबाबोंब केली, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आपली मोटार घेऊन आला. मावशींनी त्या अवस्थेत खाटेचा पाय धरून ठेवला. सोडीनात! शेवटी सरकारी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती आली, स्ट्रेचर खाली ठेवलं, तर ह्या तापात डोळे उघडून विचारतात, "सरकारी हाय का?"

ड्रायव्हर बिचारा घाबरून म्हणाला, "व्हय आजी, सरकारीच."

"मग चल."

मी कपाळाला हात लावला. जीव चालला आहे आणि बाई कागदपत्रं तपासतात!

पुढे आमची गाडी आली. दसऱ्याला हे साताऱ्याहून घेऊनच आले, झेंडूची माळ बांधून. मावशींनी आरतीचं ताट आणलं, बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मला वाटलं, इतकं केलं आहे तर आज नक्की बसतील. मी दार उघडून धरलं. त्यांनी ह्यांना विचारलं, "नावावर कुणाच्या हाय?"

हे म्हणाले, "माझ्याच. हिला काय, चालवायला दिली म्हणजे झालं."

"चालीवती व्हय?" असं म्हणून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि दार लावून घेतलं. बाजारात जायचं होतं तिघांना. आम्ही गाडीत आणि त्या शेजारून चालत. मी इतकी हळू चालवली की मागून सायकलवाले घंट्या वाजवायला लागले, आणि ह्या खिडकीशी वाकून माझ्याशी वांग्यांचा भाव बोलतायत! सगळी पेठ आमच्याकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी मावशींशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच खरवस वर पाठवला, मग बोलले.

फाट्याची गोष्ट मला भाभींनी सांगितली. भाभींचे मिस्टर शिंपी, दुकान खाली, घर मागे, आणि त्यांच्या नि मावशींच्या घराच्या मध्ये एक भिंत आणि एक खिडकी. त्या खिडकीतून दोन्ही घरांची भांडी, भाज्या आणि बातम्या इकडून तिकडे व्हायच्या. भाभी म्हणाल्या, "आवं, नवरा वारल्याचा निरोप आला तवा मीच गेले हुते त्यांच्याबरबर. माणदेशाकडचं गाव. यष्टी फाट्यापातूर जाती, पुढं गाव लांब. फाट्यावर उतरलो तर पुतण्या जीप घिऊन हात जोडून उभा. काकीसाहेब बसा, म्हणतंय. रडतंय बिचारं. ह्या बसल्या न्हाईत."

"मग चालत गेलात?"

"न्हाई की! मी म्हणलं, चला चालत जाऊ. तर म्हणाल्या, जीप मागं मागं ईल. दगडावर बसल्या. माघारची यष्टी आली, तिच्यात बसून आलो परत. नवऱ्याचं त्वांड बघितलं न्हाई बाईनं. एका जीपपायी!"

"पण का?"

"या अल्ला, मला ठावं असतं तर तुमाला सांगितलं नसतं व्हय?"

काकीसाहेब! म्हणजे ह्या कांड्या भरणाऱ्या मावशी कुठल्याशा इनामदाराच्या सूनबाई होत्या. माझं डोकं आणखीच फिरलं. एखाद्या कोड्याचं उत्तर मिळावं आणि त्या उत्तराचंच पुन्हा कोडं व्हावं, तसं मावशींचं होतं.

आता पिक्चरबद्दल सांगते.

श्रावणातल्या शुक्रवारी मावशी गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायच्या. दूध, फुटाणे, ओटी, सगळं रीतसर. जिवतीची कहाणी वाचायची वेळ आली की मात्र पुस्तक बाजूला ठेवायच्या आणि एका पिक्चरची गोष्ट सांगायच्या. जुना, काळापांढरा, हिंदी पिक्चर. त्यांनी तरुणपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला, तोही एकदाच. सुरुवात कहाणीसारखीच. "आटपाट नगर होतं. तिथं एक हवेली होती. हवेलीची थोरली सून लय देखणी."

ती सून रोज शृंगार करायची, खिडकीत दिवा लावून बसायची, आणि नवरा रोज दुसरीच्या माडीवर जायचा. सासू म्हणायची, आपल्यात असंच असतं, दागिने आहेत, चाकर आहेत, आणखी काय पाहिजे? सून विडे करून ठेवायची, ते वाळायचे. मावशी सांगायला लागल्या की ती हवेली आमच्या माणखटावातलीच वाटायची. सून ज्वारीची भाकरी खायची, रुसली की जातं ओढायची. तिच्या अंगावर निळं लुगडं असायचं. मी एकदा म्हटलं, "काळ्यापांढऱ्या पिक्चरमध्ये निळं कसं दिसलं?" तर म्हणाल्या, "मला दिसलं."

शेवटी एक दिवस सून दिवा विझवते, दागिने काढून पाटावर ठेवते, मागच्या दाराने बाहेर पडते. तिथे टांगा उभा असतो. ती बसते, टांगा निघतो, घुंगरांचा आवाज येतो. "ग्येला टांगा," मावशी म्हणायच्या, "साठा उत्तराची काहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण." आणि फुटाणे वाटायच्या.

दर वर्षी कुणीतरी नवी सून विचारायचीच, "पुढं काय झालं? ती कुठं गेली?"

"फुटाणे खा."

ह्याच्या पलीकडे उत्तर नाही. आणि गंमत अशी की गल्लीतल्या बायकांना त्या टांग्याचा मोठा आधार वाटायचा. कुणाचं घरात बिनसलं की ती सहज म्हणायची, "बसू का टांग्यात?" सगळ्या हसायच्या. एकीने तर खरोखरच दारुड्या नवऱ्याला सोडलं, आता मिरजेत पोळ्यांचं काम करते, आणि ती शुक्रवारी न चुकता येते. मावशींचा टांगा म्हणजे आमच्या गल्लीचं दैवत झालं होतं म्हणा ना.

त्यात भाभींच्या सुनेला मोबाईलवर तो पिक्चर सापडला.

केवढा आनंद! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देवळाच्या हॉलमध्ये दुपारी पिक्चर लावायचा, मावशींना पुढच्या खुर्चीत बसवायचं, असं महिला मंडळाने ठरवून टाकलं. लॅपटॉप आणि पडद्याचं काम माझ्याकडे आलं. आवाज नीट येतो का बघावं म्हणून रविवारी दुपारी मी घरी एकटीने तो लावला. हवेली होती, दिवा होता, वाळलेले विडे होते. लुगडं मात्र कुठल्या रंगाचं ते अर्थातच दिसत नव्हतं. टांगा निघाला, घुंगरं वाजली. मी हात पुसत उठले, बंद करायला. तर पिक्चर संपलाच नव्हता.

टांगा माघारी वळला. टांगेवाला हवेलीचाच माणूस होता, त्याने तिला फिरवून पुन्हा त्याच दारात आणून उतरवलं. दार आतून लावलेलं. ती थापा मारत राहिली. सकाळी दार उघडलं तेव्हा उंबऱ्यात ती मेलेली.

आता काय करावं? मावशींना सांगावं तर त्यांची आयुष्यभराची कहाणी मोडायची. न सांगावं तर भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत मोडायची. बाई घर सोडून आली ती ह्याच पिक्चरच्या जोरावर, एवढं तर मला दिसत होतं. जिच्या भरवशावर ती उठली, ती बाई दारात मेली होती! मी भाभींना खिडकीतून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पडदा फाटला म्हणा. वीज ग्येली म्हणा." मी मंडळात जाऊन लॅपटॉप बिघडला असं सांगून पाहिलं. अध्यक्षबाईंनी आपल्या मुलाचा लॅपटॉप आणून हातात दिला. झालं!

संक्रांतीला मावशी काळी चंद्रकळा नेसून आल्या. पुढच्या खुर्चीत बसल्या, पाठ न टेकता. मी लॅपटॉपपाशी बोट तयार ठेवून. ठरवलं होतं, टांगा निघाला की बंद करायचं, संपला म्हणायचं, मागाहून कुणाला काय कळायचं ते कळू दे. टांगा निघाला. मी बटणाकडे हात नेला आणि मावशी मागे न बघता म्हणाल्या, "बंद करू नगं. जाऊ दे फुडं."

सबंध हॉल शेवटपर्यंत बसला. बायका घळघळा रडत होत्या. मिरजेच्या पोळीवालीने तर तोंडात पदर कोंबला होता. मावशींचं तोंड मला दिसत नव्हतं. दिवे लागले तेव्हा त्या उठल्या, म्हणाल्या, "चला गं, कुंकू लावून घ्या. तिळगूळ वाळायला लागलाय." बस्स. मला वाटलं, धक्क्याने भान हरपलं बाईंचं.

हॉल झाडून झाला, सगळ्या गेल्या. मावशी देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी टेकले आणि मला एकदम रडूच आलं. म्हटलं, "मावशी, मी बंद करणार होते हो."

"रडतीस कशाला? मला ठावं व्हतं ती मेलीया."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी."

मग त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही वांग्याचा भाव सांगावा तशा सुरात.

त्यांच्या गावात देवीची जत्रा असायची आणि जत्रेत तंबूतला सिनेमा. जत्रेचा मान वाड्याचा, म्हणजे मावशींच्या सासऱ्यांचा. त्यांची सिनेमावाल्याला एक अट असायची: देवीच्या जत्रेत पडद्यावर सवाष्ण मेलेली दाखवायची नाही. तसा शेवट आला की तो तेवढी फिल्म लावायचाच नाही, दिवे लावून मोकळा व्हायचा. वाड्यातल्या बायका तंबूत वेगळ्या कनातीत बसायच्या. तिथून मावशींनी टांगा जाताना पाहिला, घुंगरं ऐकली आणि दिवे लागले. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी दागिने पाटावर काढून ठेवले आणि चालत फाटा गाठला.

"फाट्यावर चहाच्या गाड्याजवळ तंबूवाला बसल्याला. त्येचं सामान ट्रकात भरत्यालं. मी विचारलं, दादा, ती बाई पुढं कुठं ग्येली? त्यो म्हणला, ग्येली कुठं, आक्का? टांगा माघारी येतो आन् मरती ती. तुमच्याच वाड्याची अट, म्हणून दावली न्हाई." मावशींनी पदराची गाठ चाचपली. "म्हणलं, आता काय करावं? माघारी जावं तर अजून कुणाला कळलं नसंल. त्येला पुन्हा विचारलं, टांगा कुणाचा व्हता? त्यो म्हणला, हवेलीचाच की."

"मग?"

"मग यष्टी आली. पाटी बघितली तर सांगली. कवा बघितली नव्हती सांगली. पर म्हणलं, तिचा टांगा घरचा व्हता. ही तर सरकारची हाय. बसले."

"आणि वाड्यातलं कुणी मागे आलं नाही?"

"वाड्याची जीप आली की मागनं. हारन वाजवत लय लांबवर आली. यष्टीच्या ड्रायव्हरला ठावं बी न्हवतं मी कोण ती. त्येला येळेत सांगली गाठायची हुती. त्यो थांबला न्हाई." त्या हसल्या. "तवापासून ताक पाजती."

"आणि बायकांना दर वर्षी अर्धीच कहाणी सांगता ती?"

"सवाशिणीला सांगायच्या कहाणीत बाई मारत्यात व्हय? सासऱ्याची ती एक अट मला पटल्याली बघ."

मग मला नारळ फोडला तो दिवस आठवला. मी जरा घुश्शातच म्हटलं, "म्हणून माझ्या गाडीत बसला नाहीत? माझी गाडी म्हणजे काय हवेलीचा टांगा आहे?"

"तुझी कुठं हाय ती?" त्या म्हणाल्या. लगेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "तुझा नवरा चांगला हाय गं. मी आपली गाडीचं सांगती."

हे माझ्या मनात असं काही रुतून बसलं की विचारू नका. माझा नवरा खरंच चांगला आहे. मी पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेले तेव्हा त्यांना म्हटलं, गाडी माझ्या नावावर करायची का? हे म्हणाले, "करू की. पण का गं, काय झालं?" काय झालं ते मला सांगता येईना. पिक्चरमधली बाई मेली म्हणून? विषय तिथेच राहिला, गाडी ह्यांच्या नावावरच राहिली. त्या दिवशी सांगलीला मी यष्टीने आले. का, ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

मावशी गेल्या त्या चैत्रात. सकाळी पाणी आलं आणि खालचा नळ नुसता वाहतोच आहे म्हणून भाभी बघायला गेल्या, तर मावशी झोपेतच गेलेल्या. चेहरा शांत. गल्लीने मिळून सगळं करायला घेतलं. भाभींच्या मिस्टरांनी दुकान बंद ठेवलं. कुणीतरी गावाकडे फोन केला, करायलाच हवा होता. दुपार व्हायच्या आत पुतण्या आला. पन्नाशी उलटलेला, पांढरे कपडे, डोळे सुजलेले. मागे माणसं आणि एक टेम्पो, झेंडूच्या माळांनी नखशिखांत सजवलेला. पुढच्या काचेवर वाड्याचं नाव. तो टेम्पो त्यांनी मागे घेत घेत थेट दाराशी आणून लावला.

पुतण्या मावशींच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मग उठून सगळ्यांना हात जोडले. "तुमी लोकांनी लय केलं. आता काकीसाहेबांना गावी न्यायचं. काकांच्या शेजारी जागा ठिवलीया. घराण्याच्या मानानं सगळं करतो."

पुरुषांनी माना हलवल्या. चांगलं बोलत होता माणूस, खोटं काहीच नव्हतं त्यात. तिरडीच्या बांबूंना हात लागले.

तेव्हा भाभी माझ्या कानाशी एवढंच म्हणाल्या, "बाई, टांगा आला."

मी पाहिलं. मिरजेची पोळीवाली उभी होती, अध्यक्षबाई होत्या, भाभींची सून होती. सगळ्या त्या टेम्पोकडे बघत होत्या. कुठून बळ आलं देव जाणे, मी दारात जाऊन आडवी उभी राहिले. म्हटलं, "ह्या गाडीतून नाही न्यायचं."

पुतण्या गोंधळला. "तुमी कोण?"

"भाडेकरू."

मागे कुणीतरी हसलं. बरोबरच होतं. रक्ताचं नातं त्याचं, माझं काय? माझं नातं दरमहा पाच तारखेचं. मनात येत होतं, आपण हे काय करतोय? मेलेल्या माणसाला गाडी कुणाची हे कळतं का? हा बिचारा एवढ्या लांबून आला आहे, ह्याला आपण दुखावतोय. तरी मी हलले नाही, कारण खाटेचा पाय धरून ठेवलेला तो हात मला दिसत होता.

"ताई, माझं काय चुकलं ते तरी सांगा," पुतण्या म्हणाला. "फाट्यावर मी असाच हात जोडून उभा व्हतो. तवा बी बसल्या न्हाईत. मी तर त्या ग्येल्या तवा पाळण्यात हुतो. मी त्यांचं काय केलं?"

त्याच्या त्या बोलण्याने मला भडभडून आलं. म्हटलं, "दादा, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही चांगले आहात. पण गाडी घरची आहे. त्या घरच्या गाडीत बसत नव्हत्या. यष्टीत बसायच्या. तापात होत्या तेव्हासुद्धा सरकारी आहे का विचारून मग बसल्या."

"व्हय व्हय, खरं हाय," मेडिकलवाला मागून म्हणाला. "माझ्या गाडीत न्हाई बसल्या. मी सोता हुतो."

एकेक करून बायका माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. भाभींनी पदर खोचला. पुतण्याने आमच्याकडे पाहिलं, आत मावशींकडे पाहिलं, आणि पायरीवर मटकन बसला. "मला काय बी कळंना झालंय," तो म्हणाला.

"मलाही," मी म्हटलं. खरंच म्हटलं.

मग त्याने आपल्या माणसाला हाक मारून टेम्पो बाजूला घ्यायला सांगितला आणि सगळं इथल्याच स्मशानात करायचं कबूल केलं. मी सांगलीला फोन लावून महापालिकेची शववाहिका मागवली. जुनी, निळा रंग उडालेली, एक दार तारेने बांधलेलं. पुतण्याने ती बघितली, झेंडूच्या टेम्पोकडे बघितलं, आणि अवघडून मला विचारलं, "मी बसलो तर चालंल का हिच्यात?"

"बसा की."

मावशींना आत ठेवलं. भाभींनी त्यांच्या पदराच्या गाठीतले सुटे पैसे चाचपून पाहिले आणि तसेच राहू दिले. पुतण्या एका बाजूला बसला, मी दुसऱ्या बाजूला. माझी गाडी, म्हणजे ह्यांची गाडी, दारात उभीच होती. तिची मला आठवणही झाली नाही.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली, आरशात पाहिलं आणि स्टिअरिंग फिरवायला लागला. "इथनंच माघारी वळवून घेतो. जवळ पडंल."

मी ओरडलेच, "मामा, वळवू नका! पुढून जावा."

"पुढनं लय लांब पडतंय, बाई."

"पडू दे."

त्याला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. त्याने पुतण्याकडे पाहिलं, पुरुष माणूस काय म्हणतो ते ऐकायला. पुतण्याने एक हात मावशींच्या पायांवर ठेवला होता. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "त्या म्हणत्यात तसं कर गड्या. सरळ घे."

गाडी सरळ गेली.